न हलणारी दुर्बीण

२ मार्च

पोचलो एकदाचा. सापाला शहरातून सामानाच्या गाडीत पिठाच्या पोत्यांवर बसून आलो. पाठीचं पार भुस्कट झालंय, पण मन खूश आहे. किती दिवसांनी कुणी कामाला बोलावलं. हात थरथरायला लागल्यापासून लोक मला म्हाताऱ्या कुत्र्यासारखं वागवायचे. थोपटायचं आणि दाराबाहेर ठेवायचं.

लास बांदुर्रियास ही एस्तान्सिया, म्हणजे गुरामेंढरांची जहागीर, तशी लहानच. मेंढ्या नावापुरत्या उरल्यात, सगळा डोलारा शिकारी पाहुण्यांवर चालतो. मालकीण हेर्ता, मानाने दोन्या हेर्ता, उंच, वाळकी बाई आहे. बोलणं तुटक, पण मनात काही ठेवत नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, रेमिहियो आंतिलेफ म्हणजे तुम्हीच ना, ज्यांना डोंगरातलं हरीण इतरांच्या आधी दिसतं. मी म्हटलं, दिसायचं, दोन्या. ती म्हणाली, पुन्हा दिसेल.

स्वयंपाकघरात रामोना आहे. माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची. उतरल्या उतरल्या तिने येर्बाच्या कडू चहाचा पेला हातात दिला आणि गरम तळलेल्या भाकरीचा ढीग पुढे केला. खोली तबेल्याला लागून आहे. लोखंडी शेगडी आहे आणि खिडकीतून समोरचा डोंगर दिसतो. माथ्यावर सुळके दात काढून उभे आहेत म्हणून इथे त्याला फणी म्हणतात.

आता दुर्बिणीचं. गेल्या हंगामातला एक पाहुणा मुक्काम अर्धवट टाकून गेला, ती मागे राहिली. त्याने परत मागवलीही नाही. दोन्या हेर्ताने ती माझ्या हातात दिली आणि फणीकडे बघायला सांगितलं. नेहमीसारखंच झालं. अख्खा डोंगर कढईतल्या तेलासारखा हलायला लागला. मग ती म्हणाली, वरचं बटण दाबा. दाबलं, आणि डोंगर थांबला. आत काचा आपल्या आपण सरकतात म्हणे आणि हाताचा हेलकावा खाऊन टाकतात. मला त्यातलं काही कळत नाही. सुळक्यावर बसलेल्या गिधाडाचं मान फिरवणं दिसलं एवढं खरं. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं असं मी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं लिहायला सांगितलंय, हाताला वळण राहतं. आज अक्षर बरं आहे.

४ मार्च

काम आवडलं. उजाडायच्या सुमाराला ओढ्याकाठच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसायचं, फणीची उतरण तुकड्या-तुकड्याने चाळायची. तांबड्या हरणांचे नर माजावर यायला लागलेत. अजून घसा साफ केल्यासारखेच डुरकतात, पण आठवड्याभरात खोरं दणाणून सोडतील. नर दिसला की मी कट्ट्यावरूनच वॉकीटॉकीवर सांगायचं, डावीकडे घ्या, खाली वाका, वारा सांभाळा. वर चढणारा वाल्दो आणि त्याच्यामागे पाहुणा.

वाल्दो इथला वाटाड्या. तिशी-पस्तिशीचा. बकरीसारखा चढतो आणि जीभ त्याहून जोरात चालते. पहिल्याच जेवणाला माझ्या हातातला चमचा ताटावर वाजत होता तर म्हणाला, म्हातारबा, तुझ्या हातात खुळखुळा दिला तर खोऱ्यातली सगळी पोरं झोपतील. रामोनाने त्याच्या पाठीत लाटणं घातलं. मीही हसलो. आज लेंगा वृक्षांच्या झाडीत दोन माद्या आणि एक कोवळा नर दाखवला तेव्हा मात्र चेष्टा थांबली. एवढ्या लांबून कानाची हालचाल कशी दिसली, असं त्याने दोनदा विचारलं.

थंडीत बॅटऱ्या लवकर मरतात. जादाच्या बगलेत ठेवतो.

७ मार्च

पाहुणे आले. सेन्योर बेरार्दी, रोसारियो शहरातले औषधवाले. पोट मोठं, गुडघा अधू, उजव्या पायाने लंगडतात. हौस दांडगी. किती वर्षं मनात होतं, आता दुकान मुलीवर सोपवून आलोय, मोठ्या शिंगांचा नर घेतल्याशिवाय जाणार नाही, असं भेटेल त्याला सांगतात. मला त्यांनी हातांसाठी तीन गोळ्यांची नावं सांगितली आणि त्यातल्या दोन घेऊ नका म्हणाले.

सकाळीच चांगला नर दिसला. मी सांगत गेलो, वाल्दो बरोबर नेत होता, आणि ऐन वेळी वारा फिरला. नर नाक वर करून बघतोय तोवर बेरार्दींना शिंक आली. गेला.

चालायचंच. शिकारीत असं होतं.

१० मार्च

आज डोकं फिरलंय.

जळक्या झाडाखाली नर होता. बारा टोकांची शिंगं, मान जाड, अंगावर चिखल. नीट पाहिला, बटण दाबून पाहिला, डोंगर चित्रासारखा थांबलेला. बेरार्दींना वाल्दोने खालच्या खडकाशी बसवलं होतं आणि तो एकटा पुढे कानोसा घ्यायला गेला होता. मी सांगितलं, तुझ्या पुढ्यातच आहे. तो म्हणाला, इथे काही नाही. मी म्हटलं, अरे, पाण्याच्या बाजूला सरकतोय. तो म्हणाला, मीच पाण्याच्या बाजूला सरकतोय, मला का दिसत नाही? मी म्हटलं, थांबला बघ. तो म्हणाला, मीही थांबलो, आता? बेरार्दींनी रायफलवरच्या काचेतून पाहिलं. त्यांना तिथे फक्त वाल्दो दिसला.

मला वाल्दो दिसत नव्हता. झाडाआड असेल. पण नर दिसत होता, आणि मी या कामात आयुष्य काढलंय, मला दगड आणि हरीण यातला फरक कळतो.

जेवताना वाल्दोने नुसता खुळखुळा वाजवल्याचा हात केला. बोलला असता तर बरं झालं असतं.

१२ मार्च

परत तेच. या वेळी दोन नर, एकामागे एक, तिरकी पायवाट धरून चढत होते. पुढचा तरणा, मागचा जुना आणि थोराड. मागचा उजव्या पायाने लंगडत होता. जुनी जखम असावी, असा नर सोपा जातो. मी वॉकीटॉकीवर जीव तोडून सांगतोय, पायवाटेवरच आहेत, पायवाटेवरच. वाल्दो म्हणतोय, पायवाटेवर आम्ही आहोत, म्हातारबा, आमच्या पायाखाली लपलेत का?

परत आले तेव्हा बेरार्दी दमून काळेनिळे झाले होते. मला म्हणाले, तुम्ही चष्मा का लावत नाही? नम्रपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. दोन्या हेर्ता माझ्याकडे न बघता म्हणाली, पाहुण्याचे दिवस फुकट जाताहेत.

काचा पुसल्या. बॅटऱ्या नव्या घातल्या. काही बिघाड नाही. दगडाचे ओरखडेसुद्धा दिसतात.

वाल्दो आणि बेरार्दी होते कुठे? दोन्ही वेळा मी उतरण चाळली तेव्हा माणूस म्हणून एकही दिसला नाही.

१४ मार्च

हात नेहमीपेक्षा जास्त हलतोय. सावकाश लिहितो.

दुपारी कट्ट्यावरून उगाच घराकडे दुर्बीण लावली. अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेशी, हरणी उभी. भर दुपारी, घराला चिकटून. मी धावत आलो. अंगणात रामोना चादरी काढत होती. म्हटलं, इथे आत्ता हरणी होती. ती म्हणाली, हो, आणि मी तिला चादरीत गुंडाळून ठेवली, ये आत, काहीतरी खा. जमिनीवर खुरांचा माग नव्हता. तिच्या वहाणांचेच ठसे.

मग मनात आलं ते मला लिहवत नाही, पण लिहितो. तिला म्हटलं, फाटकाशी जरा उभी राहा, दुर्बीण तपासायचीय. बिचारी पावाचा तुकडा चावत जाऊन उभी राहिली. मी तबेल्याच्या भिंतीला टेकून पाहिलं.

बटण न दाबता: सगळं थरथरतंय, पण फाटकाशी रामोना, निळा एप्रन, हातात पाव.

बटण दाबून: फाटक थांबलं. खिळेसुद्धा मोजता यावेत. आणि फाटकाशी हरणी, तोंड हलवतेय, रवंथ केल्यासारखं.

सोडलं, रामोना. दाबलं, हरणी. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी हरणीने मान तिरकी करून थेट माझ्याकडे पाहिलं आणि रामोनाचा आवाज आला, झालं का रे, माझा रस्सा करपतोय.

संध्याकाळी दोन्या हेर्ताला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. स्वतः बटण दाबून रामोनाकडे पाहिलं. वाल्दोनेही पाहिलं. दोघांना रामोनाच दिसली. वाल्दो म्हणाला, ही बाई हरणीसारखी दिसत असती तर मी हिच्याशी लग्नच केलं असतं. रामोना हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

दोन्या हेर्ता म्हणाली, डोळ्यांचा दोष असेल, किंवा हातांच्या गोळ्यांचा, पाहुणे गेले की तुम्हाला सापालातल्या डॉक्टरांना दाखवून आणू. तोवर दुर्बीण वाल्दोकडे. तुम्ही लाकडं आणि कुंपण बघा.

म्हणजे पुन्हा दाराबाहेर.

१७ मार्च

कुंपणाच्या तारा ओढतोय. थरथरत्या हाताने तार पिळायची म्हणजे बोटांची सालं निघतात.

वाल्दोचं छान चाललंय. आता कट्ट्यावर तो बसतो, बेरार्दी हळूहळू ओढ्यापलीकडे एकटे जाऊन दबा धरतात, आणि हा खालून बोलत राहतो. माझीच पद्धत. काल त्याने एक खरा नर दाखवला, बेरार्दींनी अगदी जवळून चुकवला, आणि तो पळताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. म्हणजे नर होता. म्हणजे दुर्बीण ठीक आहे आणि बिघडलोय तो मी. मनाची समजूत घालतोय, पण मग हेही आठवतं की मलाही पहिला आठवडा सगळं सरळच दिसत होतं.

नुसत्या डोळ्यांनी माणसं माणसंच दिसतात. रोज सगळ्यांकडे बघून खात्री करतो. रामोना विचारते, माझ्या तोंडाला पीठ लागलंय का?

१९ मार्च

जेवताना वाल्दो म्हणाला, आज दुपारी मोठा नर पार लाकडाच्या ढिगापर्यंत आला होता. अंगणात येतात म्हणजे माज चढलाय भलता.

दुपारभर लाकडाच्या ढिगाशी मी होतो.

घास खाली ठेवला. शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, काय करत होता? तो म्हणाला, शिंगं घासत होता ओंडक्यावर, वर उचलायचा, खाली आपटायचा, पुन्हा वर. बेरार्दी म्हणाले, अरे मग मला का बोलावलं नाहीस? वाल्दो म्हणाला, तुम्ही झोपला होतात, सेन्योर, आणि मालकिणीच्या दाराशी गोळी घालायची म्हणजे.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिथे मी लाकडं फोडत होतो, कुऱ्हाड वर जात होती, खाली येत होती, तू मला पाहिलंस. मग वाल्दो म्हणाला, म्हातारबा, तुला शिंगं फुटली हे तुझ्या बायकोला कळवलंस का, का तिनेच बसवली? ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते त्याला शिंगं फुटली म्हणतात, आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही. माझी बायको खरंच गेली होती सोडून, ते त्याला ठाऊक आहे. बेरार्दींनी खाली बघितलं.

त्याला राग आला नव्हता. तो घाबरला होता, मला दिसलं. पण घाबरलेला माणूस कबूल करण्याऐवजी हसवतो.

२० मार्च

दुर्बीण ओढ्यात टाकायला घेतली होती. खुंटीवरून काढली, दारातच वाल्दोने गाठलं. झटापट झाली. माझ्या हातात जोर नाही, पडलो. दोन्या हेर्ता आली. म्हणाली, रेमिहियो, मला लाज वाटतेय तुमच्यासाठी. हंगाम संपला की जा.

बेरार्दींना तबेल्याआड गाठलं. पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, तुमच्या स्वतःच्या काचेत स्पष्ट दिसल्याशिवाय चाप ओढू नका, वाल्दो काहीही म्हणो. भला माणूस. पाठीवर हात ठेवला. म्हणाला, माझ्या काचेत सगळं हलतं हो, मला धाप लागते, छाती धडधडते, काही कळत नाही. म्हणून तर वाल्दोवर सोडतो. त्याची दुर्बीण हलत नाही.

२१ मार्च

रामोना वाचली. तिला माहीत नाही.

स्वयंपाकघरात होतो. वॉकीटॉकी खिडकीत बडबडत होता. वाल्दोचा आवाज, ओढ्याकाठच्या जंगली गुलाबाच्या झुडपात आहे, डोकं खाली घालून खातोय, निवांत, तुमच्या टप्प्यात. बेरार्दी म्हणाले, झुडूप हलताना दिसतंय फक्त. वाल्दो म्हणाला, मला पूर्ण दिसतोय.

रामोना मुरंब्यासाठी गुलाबाची फळं आणायला गेली होती. टोपली घेऊन. ओढ्याकाठी.

वॉकीटॉकीवर ओरडलो, पण आजकाल माझा आवाज आला की वाल्दो स्वतःचा बंद करतो आणि बेरार्दींनाही करायला लावतो. पळालो. असा कधी पळालो नव्हतो. पातेलं बडवत, ओरडत, सरळ झुडपात घुसलो. ती दचकून टोपली सांडून बसली. म्हणाली, वेड लागलं का रे? बोटं लाल, रसाने.

गोळी सुटली नाही.

वाल्दो लालबुंद होऊन आला. तुझ्यामुळे नर पळाला म्हणाला. मी म्हटलं, कुठे पळाला? कुठल्या बाजूला? दाखव. त्याने हात वर केला आणि तसाच राहिला. क्षणभर वाटलं, आता कबूल करतोय. तोंड उघडलंही. मग बेरार्दी लंगडत आले, वैतागून रडकुंडीला आलेले, म्हणाले, माझे दोनच दिवस राहिले. वाल्दोने तोंड मिटलं.

२२ मार्च

दोन्या हेर्ताचा हुकूम. उद्या पहाटे फणीवरच्या उन्हाळी खोपटाकडे जायचं, सुटलेले घोडे खाली आणायचे. म्हणजे शेवटच्या दिवशी मी मध्ये नको.

जात नाही म्हटलं. ती म्हणाली, मग आत्ता निघा, चालत.

वाल्दोला विचारलं, उद्या कुठे बसणार. नदीकडे, म्हणाला, फणीच्या पार उलट बाजूला. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला. झोप नाही त्याला, दिसतं. मी म्हटलं, वाल्दो, एकदा बटण सोडून बघ. एवढंच. हलू दे चित्र, पण सोडून बघ. तो म्हणाला, सोडलं की मला काहीच ओळखू येत नाही आता.

रामोनाकडून वचन घेतलं, उद्या घराबाहेर पाऊल टाकणार नाही. का म्हणून विचारलं नाही तिने. माझा तपकिरी पोंचो, अंगावर घ्यायचं लोकरी घोंगडं, झटकून दिला, वर थंडी असेल म्हणाली.

ते नदीकडे असतील तर मी फणीवर सुरक्षित. जातो.

२३ मार्च. फणीच्या खांद्यावर

घोडे नाहीत. खोपटात नुसता वारा.

बसलोय. मोठ्या दगडाला टेकून. जरा दम घेतो. वॉकीटॉकी चालू आहे, ऐकू येतं. बोलायला दाबलं की टूं करून मरतो, मग सोडला की परत जिवंत. थंडीने बॅटरी गेली.

वाल्दो म्हणतोय वारा फिरला. नदीकडे वास जातोय. फणीकडे वळू या.

वळू नका.

—

आले. वाल्दो कट्ट्यावर. काच चमकली. बेरार्दी ओढा उतरून या बाजूला. टिंबासारखे. लंगडतायत.

उठून पोंचो हलवला. दोन्ही हातांनी.

वाल्दो म्हणतोय, मिळाला. खांद्यावर, मोठ्या दगडाशी. आयुष्यात असा पाहिला नाही, सेन्योर. शिंगं उचलली बघा.

खाली बसलो. दगडाआड.

—

पोंचो काढला. सदरा पांढरा आहे. पांढरं दिसेल, माणूस कळेल. उभा राहिलो.

वाल्दो म्हणतोय, वळला. ढुंगणाचा फिकट ठिपका दिसतोय का?

ओरडलो. नाव घेऊन. वाल्दो, बेरार्दी, मी रेमिहियो. घसा फाटेस्तोवर. वारा सगळा तोंडात परत कोंबतोय.

वाल्दो म्हणतोय, ऐकलंत? डुरकला.

—

मागे मुरमाड उघडी घसरण. झाड नाही. दगड एवढाच.

बेरार्दींना सांगतोय उजवीकडे सरका, दगड आड येतोय. ते सरकतायत. दिसतायत मला. थांबले. झोपले पोटावर.

मीही दगडाभोवती सरकलो. म्हणाला, सरकला. थोडं अजून उजवीकडे. घाई नाही, तो कुठे जात नाही.

बेरार्दी बोलतायत. श्वास ऐकू येतोय. म्हणतायत, मला नीट दिसत नाही. काहीतरी पांढरं आहे. वाल्दो, हे —

म्हणतायत, मला माणूस वाटतोय.

देवा. बरोबर. बरोबर बघा, बेरार्दी. मी हात वर करून उभा राहतोय, एका हाताने लिहितोय, दुसरा वर —

वाल्दो गप्प आहे.

सोड बटण. सोड —

म्हणतोय, तुमचे हात हलताहेत, सेन्योर. माझं चित्र थांबलंय. श्वास सोडा. मी म्हणेन तेव्हा —